डावा हात

"बाबा, तू ताटाला हाताने कुंपण का घालतोस? कोण नेणार आहे तुझं ताट?"

मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. मी खाली पाहिलं. उजवा हात जेवत होता आणि डावा, कोपरापासून मनगटापर्यंत, ताटाला वेढा घालून बसला होता. मला त्याचा पत्ताच नव्हता. "फौजेत सगळे असेच जेवतात," मी म्हणालो. तिचं समाधान झालं. फौजेचं नाव घेतलं की लोकांचं समाधान होतं, हा माझा जुना अनुभव आहे. भराभर खातो? फौजी आहे. पानात कण टाकत नाही? फौजी आहे. दिवसभर उपाशी राहून कुरकुर नाही? अहो, फौजी आहे तो. त्या एका शब्दाखाली बरंच काही झाकून ठेवता येतं.

पण मी तिला खोटं सांगितलं होतं. तो हात फौजेने दिलेला नव्हता. मी भरती झालो तेव्हा तो माझ्याबरोबरच आत आला होता.

आमच्या घरी अन्नाची वाण नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण खाण्याची गोष्ट निघाली की ऐकणारा लगेच गरिबी शोधायला लागतो. डबे भरलेले असायचे. वाण होती निवांतपणाची. वडील कोणत्या पावलांनी परत येतात यावर त्या रात्रीचं जेवण ठरायचं. दाराची कडी एका झटक्यात वाजली, तर सगळे नीट जेवायला बसायचो. ती चाचपडल्यासारखी दोन-तीनदा वाजली, तर आई आमच्याकडे नुसती बघायची. मग मी आणि धाकटा भाऊ जे हाताला लागेल ते पोटात ढकलायचो. वडील खोलीत येईपर्यंत तीन-चार मिनिटं मिळायची. त्यानंतर ताटाचं काय होईल याचा भरवसा नसे. ते भिंतीवर जाऊ शकत होतं, आईच्या अंगावर जाऊ शकत होतं. प्यायलेले नसले की वडील लाघवी होते, आम्हाला हाताने भरवायचे. हेही सांगायला हवं. त्याने गोष्ट सोपी होत नाही, उलट जास्तच अवघड होते.

त्या घरात मी दोन विद्या शिकलो. एक, चार मिनिटांत जेवणं. दुसरी, काहीतरी लपवून ठेवणं. पुस्तकांच्या मागे एक पुडा कायम असायचा. त्याला हात लावायची वेळ फारशी यायची नाही, पण तो तिथे आहे हे माहीत असल्याशिवाय झोप लागायची नाही. आणखी एक गोष्ट त्याच घरात झाली, ती मला खूप उशिरा कळली. भूक लागली म्हणून मी खाल्लं, असं लहानपणी क्वचितच घडलं. मी संधी मिळाली म्हणून खायचो. भूक म्हणजे नेमकं काय होतं, ती पोटात कुठे लागते, हे शिकायचं राहूनच गेलं.

अठराव्या वर्षी भरती झालो. पहिल्या रात्री बराकीत अर्धे रंगरूट उशीत तोंड खुपसून रडत होते. मी गाढ झोपलो. लोकांना हे सांगितलं की ते कौतुकाने बघतात, पण कौतुक करण्यासारखं त्यात काही नाही. प्रशिक्षक ओरडायचा, पण ओरडण्याला वेळापत्रक होतं. तो कशावरून ओरडणार हे आदल्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं असायचं. आणि जेवण! ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने, रोज. बाकीच्यांना मेसचं जेवण ही शिक्षा वाटत होती. मला आयुष्यात पहिल्यांदा उद्याच्या जेवणाची खात्री मिळाली होती. बाकीच्यांना दहा मिनिटांत जेवायला शिकवावं लागलं. मी चारात उठायचो. प्रशिक्षकाने मला उभं करून सगळ्यांना सांगितलं, "याच्याकडून शिका." तोवरच्या माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या जेवण्याचं कौतुक झालेला तो एकच दिवस.

त्या कौतुकाबद्दल मी नंतर फार विचार केला आहे. ज्या सवयी भीतीने अंगात रुजवल्या होत्या, त्यांना इथे शिस्त असं नाव मिळालं. मग त्यांच्याकडे संशयाने कोण बघणार?

बऱ्याच वर्षांनी याबद्दल वाचायला लागलो तेव्हा व्हिन्सेंट फेलिट्टी हे नाव भेटलं. हे अमेरिकेतल्या सॅन दिएगोमधले डॉक्टर. १९८० च्या दशकात ते कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत लठ्ठपणावरचा एक उपक्रम चालवत होते. त्यांना एक कोडं पडलं. उपक्रम अर्धवट सोडून जाणाऱ्यांमध्ये ज्यांचं वजन झपाट्याने उतरत होतं असेच लोक भरपूर होते. यश मिळत असताना माणूस पळून का जातो? एकेकाला बोलावून ते विचारायला लागले आणि बालपणीच्या लैंगिक अत्याचारांच्या हकिगती एकामागून एक बाहेर यायला लागल्या. अनेकांच्या बाबतीत वजन हा त्रास नव्हताच, तो त्रासावर शोधलेला उपाय होता. मोठं शरीर म्हणजे तटबंदी. ती उतरायला लागली की आतल्या माणसाला उघडं पडल्यासारखं होई. हे वाचलं तेव्हा मला माझा डावा हात आठवला. मोठी तटबंदी आणि छोटी तटबंदी, फरक तेवढाच.

त्यातूनच पुढे फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांचा बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांचा मोठा अभ्यास उभा राहिला. पहिला निबंध १९९८ चा. एकूण १७ हजारांहून जास्त प्रौढांना विचारलं गेलं. मारहाण झाली का, अपमान झाला का, अत्याचार झाला का, हेळसांड झाली का, घरात कुणी व्यसनी होतं का, आईला मार खाताना पाहिलं का, कुणी तुरुंगात होतं का, आईवडील विभक्त झाले का. जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांनी निदान एका प्रश्नाला 'हो' म्हटलं. साधारण आठातला एक चार किंवा जास्त वेळा 'हो' म्हणाला. ही मंडळी आरोग्यविमा असलेली, बहुतेक शिकलेली, मध्यमवर्गीय होती. म्हणजे भरलेल्या डब्यांच्या घरातली.

फौजेशी याचा धागा जुळतो तो पुढे. २०१४ मध्ये जामा सायकिअॅट्री या नियतकालिकात एक तुलना छापून आली. अमेरिकेत सक्तीची भरती १९७३ मध्ये संपली. त्यानंतरच्या, म्हणजे स्वखुशीच्या भरतीच्या काळात ज्या पुरुषांनी गणवेश घातला, त्यांच्या बालपणात असे अनुभव गणवेश न घातलेल्या पुरुषांपेक्षा जास्त आढळले. सक्तीच्या काळातल्या सैनिकांमध्ये तसा ठळक फरक नव्हता. सरकार सगळ्यांनाच ओढून नेत होतं तेव्हा घर कसं आहे याने फरक पडत नव्हता. दार उघडं ठेवून 'या' म्हटल्यावर कोण जास्त संख्येने आलं, ते या आकड्यांतून दिसतं. देशप्रेमाने येतात, पगारासाठी येतात, तसे काही जण दाराच्या कडीच्या आवाजापासून लांब जायला येतात. भरतीच्या अर्जात हे कारण लिहायला रकाना नसतो.

आता त्याच्याबद्दल लिहायला हवं. बराकीत माझ्या शेजारच्या कॉटवर होता तो. नाव लिहीत नाही, त्याला चालणार नाही. धावण्यात पहिला, नेमबाजीत पहिला, आणि वजनाच्या काट्यावर मात्र हमखास काठावर. त्याची हाडंच रुंद होती. वजन-मोजणीची तारीख लागली की त्याचं सगळं गणित बदलायचं. तसं ते आम्हा सगळ्यांचंच थोडं बदलायचं. मोजणीआधी उपाशी राहणं, घाम गाळणं, पाणीसुद्धा मोजून पिणं यावर उघड विनोद चालायचे. मोजणी झाली की त्याच संध्याकाळी सगळे मेसवर तुटून पडायचे. त्या तुटून पडण्यालाही एक लाडाचं नाव होतं, ते इथे लिहिण्याजोगं नाही. उंचीच्या मानाने वजन जास्त भरलं की अमेरिकी सैन्यात बरीच वर्षं पुरुषाची मान आणि कंबर टेपने मोजून त्यावरून चरबीचा अंदाज काढत. त्या सूत्रात मान जाड निघाली तर चरबी कमी दाखवली जाते, म्हणून मानेचा व्यायाम करून ती फुगवणारे बहाद्दर झाले. २०२३ मध्ये तिथल्या लष्कराने फक्त कंबरेचं माप ठेवलं. हसू येतं, पण पोटात एक आणि टेपवर एक अशी कसरत माणसाला वर्षानुवर्षं करायला लावली की काय होतं, ते मी शेजारच्या कॉटवर पाहिलं.

म्हणजे खरं सांगायचं तर पाहिलं नाही. सगळं समोर होतं आणि मला दिसलं नाही. जेवण झालं की तो उठून जायचा. त्याचे गाल जबड्यापाशी सुजल्यासारखे असायचे, आम्ही त्यावरून चिडवायचो. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे होते. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये बुलिमियाचं, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटीने बाहेर काढण्याच्या आजाराचं, पहिलं सविस्तर वर्णन केलं, त्यात हे घट्टे नोंदवले आहेत. वैद्यकात त्या खुणेला आजही त्यांचंच नाव आहे. वारंवार स्वतःहून उलटी काढणाऱ्याच्या हातावर दात घासून ते पडतात. पण फौजेत मुठींवर जोर काढणाऱ्या प्रत्येकाच्या सांध्यांवर घट्टे असतात. शंभर हातांत एक हात वेगळ्या कारणाने घट्ट झालेला असेल, तर तो कुणाला ओळखू येणार? वैद्यकीय तपासणीत डॉक्टरने त्याचा तो हात हातात घेऊन शाबासकी दिलेली मला आठवते.

आणि पुरुषांना हे होतं असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. खाण्याचे आजार म्हणजे वयात येणाऱ्या मुलींचे, असा समज फक्त अडाण्यांचा नव्हता. अमेरिकी मानसोपचाराच्या निकषांमध्ये २०१३ पर्यंत अॅनोरेक्सियासाठी, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवून झिजवण्याच्या आजारासाठी, पाळी थांबणं हे एक लक्षण धरलेलं होतं. ताबा सुटून खात राहण्याला, नंतर उलटी वगैरे काही न करता, स्वतंत्र आजाराचा दर्जा मिळाला तोही २०१३ लाच. त्याआधी असा माणूस फार तर खादाड ठरायचा.

बायकांच्या वाट्याला फौजेत वेगळं ओझं येतं. अमेरिकेत २००१ मध्ये सैनिकांचा एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्यात तैनातीवर जाऊन प्रत्यक्ष लढाईची धग सोसलेल्या स्त्रियांमध्ये खाण्याच्या तक्रारी नव्याने सुरू होण्याचं प्रमाण, लढाई न पाहिलेल्या तैनात स्त्रियांपेक्षा जास्त आढळलं. म्हणजे बालपणावर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. एकावर एक थर चढतात.

भुकेबद्दल वाचलेल्या सगळ्या गोष्टींत एका गोष्टीने माझी झोप उडवली. नोव्हेंबर १९४४. मिनेसोटा विद्यापीठ, फुटबॉलच्या स्टेडियमच्या खालच्या खोल्या. अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण निवडले. सगळे तब्येतीने ठणठणीत आणि मनाने भक्कम, चाचण्या घेऊन पारखलेले. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं हे शोधायचं होतं, म्हणून आधी यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण एक चतुर्थांशाने उतरलं. आश्चर्य त्याचं नाही. हे लोक पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, जमवायला लागले. थाळ्या चाटायला लागले. एकेक घास तासन्‌तास लांबवायला लागले. स्वप्नांत जेवण, बोलण्यात जेवण. मैत्रिणी, पुस्तकं, वादविवाद सगळं गळून पडलं. काहींनी चोरून खाल्लं आणि नंतर स्वतःचीच किळस करत बसले. पुन्हा पोटभर अन्न द्यायला सुरुवात केल्यावरही ते शमेना. एकाने लाकूड फोडताना कुऱ्हाडीने स्वतःची तीन बोटं तोडली, आणि ते मुद्दाम केलं की चुकून झालं हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नाही.

ज्या वागण्याला आपण आजार म्हणतो त्यातलं कितीतरी नुसत्या भुकेने, धडधाकट माणसांत, सहा महिन्यांत उगवून आलं होतं. आणि ते ३६ जण सैनिक नव्हते. शस्त्र धरायला नकार दिलेले, युद्धविरोधी तरुण होते ते. बंदुकीऐवजी त्यांनी भूक पत्करली. वजन-मोजणीच्या संध्याकाळी आमची मेस कशाने झपाटलेली असायची, ते मला कुठल्याही सेनापतीने समजावलं नाही. लढायला नाही म्हणणाऱ्या या माणसांमुळे ते कळलं.

मग तब्येतीने, मनाने भक्कम असलेल्यांचं असं होतं, तर ज्याच्या पोटाला लहानपणीच घाबरायची सवय लागली आहे त्याचं काय होत असेल? सतत धोक्यात वाढलेलं मूल शरीराच्या आतले आवाज ऐकणं सोडून देतं, कारण त्याचे कान बाहेर लागलेले असतात. भूक आणि धास्ती दोन्ही पोटातच उमटतात. माझ्याकडे त्या दोघींना एकच नाव होतं. खाल्लं की काही वेळ आतलं सगळं बधिर होतं. काही न खाता राहिलं की निदान एक गोष्ट आपल्या मुठीत आहे असं वाटतं. शेजारच्या कॉटवरचा तो दुसऱ्या वाटेने गेला, मी पहिल्या. वाटा दिसायला उलट दिशेच्या, निघाल्या मात्र एकाच उंबऱ्यावरून.

माझं बिंग निवृत्तीनंतर फुटलं. गणवेशात असेपर्यंत घंटा होती, मोजणी होती, धावणं होतं. ते सगळं एका तारखेला थांबलं. चार-सहा महिन्यांत मी रात्री दोनला उठून अंधारात, उभ्याने खायला लागलो. दिवा लावायचो नाही. चव लागायची नाही. हात चालू आणि डोकं बंद, आणि मग अचानक डबा रिकामा. सकाळी बायको काही बोलायची नाही. एका रात्री दिवा लागला. ती दारात उभी होती. मी डबा पाठीमागे लपवला. वय वर्षं एकेचाळीस, छातीवर लावायला पदकं असलेला माणूस, आणि पाठीमागे डबा.

"लपवू नकोस," ती म्हणाली. "बस. बसून खा." आणि स्वतःही समोर बसली.

त्याच सुमारास बराकीतल्या त्या शेजाऱ्याचा फोन आला. बारा वर्षांनी. दातांच्या डॉक्टरकडे गेला होता. पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली पाहून डॉक्टरांनी आरसा बाजूला ठेवला आणि हळूच विचारलं, "तुम्हाला वारंवार उलट्या होतात का?" इतक्या वर्षांत, इतक्या तपासण्यांत, त्याला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला होता. तो तिथेच, खुर्चीत आडवा पडून, रडला. रक्त तपासलं तर पोटॅशियम घसरलेलं. त्याने हृदयाचे ठोके चुकतात, आणि तो त्या काळात रोज दहा किलोमीटर धावत होता. "नोकरीत असताना विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं," तो म्हणाला. "घरी पाठवलं असतं ना. आणि घरी मला जायचं नव्हतं." त्याच्या घराबद्दल तो त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. इतकी वर्षं एकमेकांच्या कॉटला कॉट लावून झोपलो, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या दाराच्या कडीचा आवाज माहीत नव्हता.

त्याच्या उपचारांची सुरुवात ऐकून मी फोनवर मोठ्याने हसलो. समुपदेशक बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याला वेळापत्रक दिलं. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, दोन खाण्यांमध्ये चार तासांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही. भूक असो-नसो. काय खाल्लं आणि तेव्हा मनात काय होतं हे लगेच वहीत लिहायचं. बुलिमियावरच्या या उपचारपद्धतीत नियमित खाणं हा पायाच असतो. "म्हणजे मेसची घंटाच की!" मी म्हटलं. तो म्हणाला, "हो. फक्त काटा काढून टाकलाय." बालपणाच्या गोष्टी नंतर, हळूहळू, पोट जरा शांत झाल्यावर निघाल्या. त्याचं अजून चालू आहे. मध्ये दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्याने आपणहून सांगितलं.

मीही गेलो, त्याने पत्ता दिला म्हणून. खाण्याच्या आजारांसाठी पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी असते, १९९९ पासून वापरात आहे. दोन 'हो' आले तरी पुढे बारकाईने बघायला हवं असं धरतात. माझे तीन आले. फेलिट्टी आणि अँडांच्या अभ्यासातले बालपणाचे प्रश्न मी घरीच आधी सोडवून, गुण मांडून, कागद खिशात घालून नेला होता, परीक्षेचा निकाल न्यावा तसा. बाईंनी तो घडी घालून बाजूला ठेवला. हे गुण समाजाचं चित्र पाहायला बरे, एका माणसाचं भविष्य सांगायला नव्हेत, असं त्या म्हणाल्या. अभ्यास उभा करणाऱ्या रॉबर्ट अँडांनीच २०२० मध्ये हा इशारा लिहून ठेवला आहे. माझा धाकटा भाऊ त्याच घरात वाढला, त्याच कडीचा आवाज ऐकत. तो सावकाश जेवतो. पानात टाकतोसुद्धा! मला त्याचा थोडा हेवा वाटतो आणि थोडा रागही येतो. हे मी बाईंना सांगितलं, भावाला अजून नाही.

मुलगी आता चौदा वर्षांची आहे. मागच्या वर्षी तिला खरं उत्तर दिलं, तिला झेपेल एवढं. आजोबांचे फोटो तिने पाहिलेले आहेत, त्यामुळे ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तू ताटाला नाही, बाबा, तू स्वतःला धरून बसतोस." मी काही बोललो नाही. कधीकधी जेवताना ती माझा डावा हात अलगद उचलून माझ्या मांडीवर ठेवते, एखादं मांजर उचलून ठेवावं तसा. पाच मिनिटांत तो पुन्हा वर येतो. ती पुन्हा उचलते.

रात्रीचं उठणं कमी झालंय. थांबलेलं नाही. उठलो तर दिवा लावतो आणि बसून खातो.

जुन्या किटबॅगेच्या बाजूच्या कप्प्यात बिस्किटांचा एक पुडा आहे. निवृत्तीपासून तो तिथेच आहे, असं मी समजत होतो. परवा बॅग झटकायला काढली, पुडा हातात आला, तर त्याच्यावरची तारीख अगदी अलीकडची. मी बायकोला हाक मारली. ती आतूनच म्हणाली, "जुने मऊ पडतात. मी बदलत असते."